पाळी २८ दिवसांची नसेल, तर 'चौदावा दिवस' कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९. गेल्या सहा पाळ्यांमधलं अंतर २७, ३१, २९, ३३, ३० आणि ३४ दिवस. पाच महिने दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू आहेत आणि त्यासाठी बाराव्या ते सोळाव्या दिवसांवर भर दिला जातोय. शेवटच्या, म्हणजे ३४ दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक) तपासलं, ते ०.९ आलं. त्यामुळे बीज सुटतच नाही की काय, अशी धास्ती बसली आहे. शिवाय पहिले दोन दिवस अंगावरून बरंच जातं आणि ओटीपोट दुखतं. पाळी अनियमित म्हणायची का, आणि या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे का?

धास्तीचं उत्तर आधी देतो. या रिपोर्टवरून बीज सुटत नाही असं म्हणता येत नाही. पाळी ३४ दिवसांनी आली, म्हणजे त्या महिन्यात बीज बहुधा विसाव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. रक्त काढलं एकविसाव्या दिवशी. प्रोजेस्टेरॉन तेव्हा नुकतं कुठे चढायला लागलेलं असतं. तपासणी योग्य होती, तिची तारीख चुकली. आणि तीच चूक बाराव्या ते सोळाव्या दिवसांच्या हिशेबातही आहे.

हे का होतं ते समजायला आधी अवयवांची थोडी ओळख लागेल. अंडाशय दोन, प्रत्येकी साधारण ३ सेंटिमीटर लांब, २ रुंद आणि १ जाड. गर्भनलिका १० ते १२ सेंटिमीटरची, पण ती अंडाशयाला चिकटलेली नसते. तिच्या टोकाला झालरीसारखी बोटं असतात. बीज सुटायच्या वेळी ती अंडाशयावर पसरतात आणि बीज आत ओढून घेतात. क्वचित एका बाजूचं बीज दुसऱ्या बाजूची नलिकाही उचलते. म्हणूनच एक नलिका काढलेल्या बाईला दुसऱ्या बाजूच्या अंडाशयातल्या बीजापासून दिवस राहिल्याची उदाहरणं आहेत. शुक्राणूशी गाठ पडते ती नलिकेच्या बाहेरच्या, रुंद भागात. फलित झालेलं बीज तीन-चार दिवसांनी गर्भाशयात उतरतं आणि बीज सुटल्यापासून सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान अस्तरात रुजतं.

गर्भाशय पेअरच्या आकाराचं, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब. पाचातल्या एखाद्या बाईचं गर्भाशय पुढे झुकण्याऐवजी मागे कललेलं असतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'रेट्रोव्हर्टेड' हा शब्द वाचून पुष्कळ जणी घाबरतात. ती केवळ ठेवण आहे, दोष नव्हे. तेवढ्यानं दिवस राहायला अडचण येत नाही.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि गळून पडतो. खालचा, स्नायूला लागून असलेला थर तसाच राहतो आणि त्यातूनच पुढच्या महिन्याचं अस्तर उगवतं. क्युरेटिंगमध्ये हा खालचा थर खरवडला गेला तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि पाळी अगदी कमी होते किंवा थांबते. क्युरेटिंगनंतर पाळी एकदम थेंबभर व्हायला लागली, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता चक्राकडे. बीजांचा साठा मुलीच्या जन्माआधीच ठरतो. आईच्या पोटात विसाव्या आठवड्याच्या सुमाराला ६० ते ७० लाख, जन्माच्या वेळी १० ते २० लाख, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख. यातली आयुष्यभरात सुटतात ती जेमतेम चार-पाचशे. बाकीची वाटेतच विरून जातात, आणि हे विरणं पाळी सुरू व्हायच्या आधीपासून अखंड चालू असतं. गर्भनिरोधक गोळ्या घेऊन, गरोदरपणात किंवा बाळाला पाजताना बीज सुटणं थांबलं, तरी विरणं थांबत नाही. त्यामुळे गोळ्या घेतल्यानं बीजं 'वाचतात' असं होत नाही.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग जीएनआरएच नावाचं संप्रेरक ठोक्याठोक्यानं सोडतो. पाळीनंतरच्या दिवसांत साधारण ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका. ठोके असणं महत्त्वाचं आहे. हेच संप्रेरक सलग देत राहिलं तर पिट्युटरी ग्रंथी काही दिवसांत थंडावते आणि पाळी बंद पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाबाहेर अस्तरासारखा भाग वाढण्याचा आजार) पाळी तात्पुरती थांबवणारी काही इंजेक्शनं याच तत्त्वावर चालतात. ठोक्यांना पिट्युटरी दोन संप्रेरकांनी उत्तर देते: एफएसएच आणि एलएच.

पाळीच्या सुरुवातीला एफएसएच वाढलेलं असतं. अंडाशयात तयारीत असलेली काही फॉलिकलं (बीज असलेल्या छोट्या पिशव्या) त्यावर वाढू लागतात. ती मोठी होतात तसं इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन बी ही संप्रेरकं तयार होतात आणि ही दोन्ही मिळून एफएसएच खाली ओढतात. म्हणजे खुराक कमी होतो आणि खाणारी तोंडं तेवढीच राहतात. ज्या फॉलिकलनं तोवर सर्वांत जास्त रक्तपुरवठा आणि एफएसएच पकडणारे रिसेप्टर मिळवले असतील, ते एकटं टिकतं. बाकीची मागे पडतात. हे निवडलेलं फॉलिकल १० मिलिमीटरच्या पुढे गेलं की रोज सुमारे २ मिलिमीटरनं वाढतं आणि १८ ते २४ मिलिमीटरला फुटायच्या बेताला येतं.

ही निवड कधी लवकर होते, कधी रेंगाळते. ताप, झोपेची ओढाताण, पटकन घटलेलं वजन, फार कमी खाऊन केलेला जोरदार व्यायाम, थायरॉइडची गडबड, मोठा मानसिक ताण यांनी वरचे ठोके मंदावतात आणि फॉलिकल मोठं व्हायला जास्त दिवस घेतं. चक्राचा पहिला अर्धा भाग म्हणूनच लवचीक असतो. दहा दिवसांत संपेल किंवा पंचवीस दिवसही चालेल.

इस्ट्रोजेन साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिच्या वर जाऊन सुमारे दोन दिवस टिकलं की उलट चाल सुरू होते. एरवी पिट्युटरीला दाबणारं इस्ट्रोजेन आता तिला उचकवतं आणि एलएचची लाट येते. लाट सुरू झाल्यापासून ३४ ते ३६ तासांनी फॉलिकल फुटतं आणि बीज बाहेर पडतं. काही जणींना तेव्हा ओटीपोटात एका बाजूला काही तास टोचल्यासारखं दुखतं. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र पोषक स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता असणारे दिवस सहा: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. बीज सुटून गेल्यावर केलेले प्रयत्न त्या महिन्यापुरते जवळपास वाया जातात.

फुटलेल्या फॉलिकलच्या जागी पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन बनवते. बीज सुटल्यानंतर सुमारे सातव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन सर्वांत जास्त असतं. दिवस राहिले तर रुजणाऱ्या गर्भाकडून एचसीजी हे संप्रेरक येतं आणि पीतपिंडाला जगवतं. नाही राहिले तर पीतपिंड सुमारे चौदा दिवसांत मावळतं. प्रत्येक बाईत हे दिवस तंतोतंत चौदा नसतात, ११ ते १७ पर्यंत असू शकतात. पण एकाच बाईत ते महिन्यामागून महिने बरेचसे सारखे राहतात. ताणतणावानं पहिला भाग हलतो तसा हा भाग सहसा हलत नाही.

पाळी लांबली की बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो: बीज उशिरा सुटलं. अर्थात दिवस राहिलेले नसतील तर. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या ताणानं पाळी पुढे गेली असं म्हणतात, तेव्हा तो ताण बीज सुटायच्या आधी आलेला असतो. बीज सुटून गेल्यावर आलेला ताण तारखेला फारसा धक्का लावत नाही.

जपानी स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकु ओगिनो यांनी १९२४ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा, १२ ते १६ दिवस. पुढे कुठेतरी हा हिशेब उलटा झाला आणि 'पाळीचा चौदावा दिवस' सगळीकडे रूढ झाला. २८ दिवसांच्या चक्रात दोन्हीकडून मोजलं तरी चौदाच येतात, म्हणून ही चूक लपून राहते. चक्र २८ दिवसांचं नसलं की ती उघडी पडते. माझ्या मते शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीखाली 'हे २८ दिवसांच्या चक्राचं उदाहरण आहे' एवढं ठळक छापलं, तरी पुष्कळ जणींची निष्कारण काळजी वाचेल.

आता तुमचे आकडे. २७ दिवसांच्या चक्रात बीज तेराव्या दिवसाच्या आसपास, ३४ दिवसांच्या चक्रात विसाव्या. तुम्ही बारा ते सोळा धरून चालता. ३० दिवसांपर्यंतच्या महिन्यांत हे कसंबसं जुळतं. ३३ आणि ३४ दिवसांच्या महिन्यांत बीज सुटलं तोवर तुमचे प्रयत्न थांबलेले होते, किंवा शेवटचा प्रयत्न त्या सहा दिवसांच्या अगदी कडेवर पडला.

पाळी अनियमित आहे का? नाही. प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांचं अंतर सर्वसाधारण धरतात आणि तुमच्या वयात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रात ७ दिवसांपर्यंतचा फरक चालतो. तुमचा फरक बरोबर ७ आहे. रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत चालला तरी तो मर्यादेत असतो. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत २१ ते ४५ दिवस हेही सामान्यच, कारण मेंदू आणि अंडाशयाची लय तेव्हा बसायची असते. मोजताना एक लक्षात ठेवा: पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. त्याआधीचे तपकिरी डाग धरायचे नाहीत. नाहीतर सगळ्या तारखा एक-दोन दिवसांनी सरकतात.

कॅलेंडरवरून पोषक दिवस काढायचा जुना नियम असा: सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करा, तो पहिला दिवस. सर्वांत मोठ्यातून ११ वजा करा, तो शेवटचा. तुमच्यासाठी नववा ते तेविसावा. पंधरा दिवस! गर्भ राहू नये म्हणून कॅलेंडरवर विसंबणं का फसतं, ते या आकड्यातच दिसतं. पण दिवस राहायला हवे असतील तर हाच हिशेब उपयोगी आहे: या काळात एक दिवसाआड संबंध ठेवले की बीज कोणत्याही दिवशी सुटलं तरी शुक्राणू तिथे हजर असतात. रोजच ठेवायला हवेत असं नाही. 'शुक्राणू साठवायचे' म्हणून आठ-दहा दिवस थांबणं मात्र उलट नुकसानीचं, कारण साठलेल्यांची हालचाल मंदावते.

नेमका दिवस हवा असेल तर तीन साधनं आहेत.

पहिलं साधन, योनीतून येणारा स्राव. बीज सुटायच्या आधीचे काही दिवस तो भरपूर, पारदर्शक, निसरडा आणि दोन बोटांत धरला तर तार निघेल असा होतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे एक-दोन दिवसांतच तो घट्ट, चिकट किंवा कोरडा होतो. तार निघणाऱ्या स्रावाचा शेवटचा दिवस हा बीज सुटण्याच्या सर्वांत जवळचा. याला खर्च नाही. हा स्राव पांढरं जाण्याचा आजार समजून औषध घेणाऱ्याही अनेक जणी असतात. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारखे गोळे नसतील तर त्यावर उपचार लागत नाही.

दुसरं, लघवीतलं एलएच दाखवणाऱ्या पट्ट्या. सर्वांत लहान चक्रातून १७ वजा करून त्या दिवसापासून सुरू करा. तुमच्यासाठी दहावा दिवस. दुपारनंतरची लघवी चांगली, आणि त्याआधी दोन तास लघवी आणि भरमसाट पाणी दोन्ही टाळा. तपासणीची रेघ तुलनेच्या रेघेइतकी किंवा जास्त गडद झाली तरच पॉझिटिव्ह. फिकी रेघ मोजायची नाही. पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटायची अपेक्षा. पीसीओएस (बीज क्वचित सुटण्याचा एक नेहमीचा विकार) असेल तर एलएच मुळातच चढं असू शकतं आणि पट्टी बरेच दिवस पॉझिटिव्ह दाखवत राहते. अशा वेळी सोनोग्राफीनं फॉलिकल मोजलेलं बरं.

तिसरं, सकाळचं तापमान. प्रोजेस्टेरॉनमुळे बीज सुटल्यावर शरीराचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसनं वाढतं आणि पाळी येईपर्यंत वरच राहतं. बिछान्यातून उठायच्या आधी, रोज एकाच वेळी, दोन दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरनं मोजायचं. पण तापमान वाढतं ते बीज सुटून गेल्यावर, त्यामुळे त्या महिन्यात प्रयत्नांची वेळ ठरवायला ते कामाचं नाही. बीज सुटलं होतं का आणि दुसरा भाग किती दिवसांचा आहे, हे मात्र दोन-तीन महिन्यांत स्वच्छ कळतं. वाढलेलं तापमान १८ दिवसांहून जास्त टिकलं तर गरोदरपणाची चाचणी करावी.

मोबाइलवरची ॲप्स फक्त तारखा घेत असतील तर तीही कॅलेंडरचाच हिशेब करतात. स्क्रीनवर दिसणारा 'ओव्ह्युलेशनचा दिवस' हा सरासरीवरून काढलेला अंदाज असतो, शरीरात काय घडलं त्याची नोंद नसते.

प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी' सांगतात तीही २८ दिवसांचं चक्र गृहीत धरून. खरा नियम: पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. ३४ दिवसांच्या चक्रात सत्ताविसावा दिवस, २७ च्या चक्रात विसावा. ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या वर आलं की बीज सुटलं असं धरायला हरकत नाही. त्याहून जास्त अर्थ एका आकड्यातून काढू नये, कारण प्रोजेस्टेरॉनही ठोक्यांनी सुटतं आणि काही तासांत कितीतरी वरखाली होतं. एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तपासायचं. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं), टीएसएच (थायरॉइडसाठीचं) केव्हाही चालतं. प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) शक्यतो सकाळी, जागं झाल्यावर दोन-तीन तासांनी आणि निवांत असताना, कारण ताणानंही ते वाढतं.

दुखणं आणि जास्त जाणं, हे दोन्ही चक्राच्या शेवटाशी जोडलेले आहेत. पीतपिंड मावळलं की प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे प्रत्यक्ष पाहिलं ते अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मार्की यांनी. माकडिणीच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत अस्तराचे तुकडे रुजवून, पारदर्शक पटलातून त्यांनी पाळी डोळ्यांनी पाहिली आणि १९४० मध्ये ते प्रसिद्ध केलं. रक्तपुरवठा तुटलेलं अस्तर सुटतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं बाहेर पडतात आणि गर्भाशयाचा स्नायू जोरानं आकसतो. कळा त्याच्या. प्रोस्टाग्लँडिन रक्तातून आतड्यापर्यंत पोचली की मळमळ आणि जुलाबही होतात. दुखण्याला नाजूकपणा किंवा सहनशक्तीची उणीव म्हणणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं. हे रसायन आहे, आणि त्यावर औषध आहे.

औषधाची वेळ त्याच्या नावाइतकीच महत्त्वाची. मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, काहीतरी खाऊन, पहिला डाग दिसताच सुरू करायचं आणि दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घ्यायचं. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, तयार झालेली पुसून टाकत नाहीत. कळा शिगेला पोचल्यावर घेतलेली एक गोळी म्हणून कमी पडते आणि 'मला औषध लागूच पडत नाही' असं वाटतं. पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, या गटाच्या औषधांनी वाढणारा दमा असेल तर ती घेऊ नयेत. आणि तुमच्यासाठी खास: ती पाळीतच घ्या, चक्राच्या मध्यावर डोकेदुखी-अंगदुखीसाठी टाळा. फॉलिकल फुटायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतात. त्या दिवसांत ही औषधं सलग घेतली तर फॉलिकल तयार होऊनही न फुटता राहू शकतं. तेव्हा पॅरासिटामॉल बरं.

पाळी सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुखणं, वर्षागणिक वाढत जाणारं दुखणं, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखणं, पाळीत शौचाला दुखणं, वर सांगितलेलं औषध तीन महिने नीट घेऊनही न थांबणारं दुखणं: यांपैकी काही असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायलाच हवा. सुमारे दहातल्या एकीला तो असतो आणि निदान व्हायला वर्षं जातात. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाहीच, असं ठरत नाही. अस्तराचे छोटे ठिपके तीत दिसत नाहीत.

किती गेलं म्हणजे जास्त? एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलि रक्त जातं. ८० मिलिच्या वर जास्त. बाहेर येतं त्यातला बराच भाग स्राव आणि अस्तराचा असतो, त्यामुळे दिसतं त्याहून रक्त कमी. मिलिलिटरच्या खुणा असलेला पाळीचा कप वापरत असाल तर मोजणं सोपं, नाहीतर या खुणा पाहा: सलग काही तास दर तासाला पॅड बदलावं लागणं, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, रात्री पॅडसाठी उठावं लागणं, दोन पॅड एकावर एक लावावे लागणं. हिमोग्लोबिन १२ असेल तर १ मिलि रक्तासोबत साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह जातं. ८० मिलि म्हणजे ३२ मिलिग्रॅम. अन्नातून रोज शोषलं जातं ते १ ते २ मिलिग्रॅम, आणि शरीराची रोजची झीज सुमारे १ मिलिग्रॅम वेगळीच. महिन्याचा हिशेब तुटीत जायला वेळ लागत नाही. हिमोग्लोबिन शेवटी उतरतं, साठा त्याच्या कितीतरी आधी संपतो. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारं) तपासा. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह सुरू करायचं, आणि गर्भ राहायच्या आधी साठा भरलेला असणं फार मोलाचं.

रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड, १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत आणि फार तर चार-पाच दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर नाही. हे संप्रेरक नव्हे, त्यामुळे बीज सुटण्याच्या आड येत नाही. पण आधी कारण पाहायला हवं: फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ), पॉलिप (अस्तरावरचा कोंब), ॲडेनोमायोसिस (अस्तर स्नायूत शिरणं), थायरॉइड. अगदी पहिल्या पाळीपासून जास्त जात असेल, दात काढल्यावर किंवा कापल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी मागून घ्या.

बीज खरोखरच सुटत नसेल तर चित्र वेगळं दिसतं. पाळी ३८ दिवसांच्या पुढे, कधी दोन-तीन महिन्यांनी, आणि आली की थांबता थांबत नाही. इस्ट्रोजेन अस्तराच्या विटा रचत जातं, त्यांना बांधून ठेवणारा गिलावा प्रोजेस्टेरॉनचा. बीजच सुटलं नाही तर पीतपिंड नाही, गिलावा नाही. भिंत उंच होत राहते आणि मग जिथून जमेल तिथून ढासळते. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तरात कर्करोगाकडे नेणारे बदल होऊ शकतात. दिवस नाहीत याची खात्री झाल्यावर, ९० दिवस पाळी नसेल तर डॉक्टर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज असं दहा दिवस देतात ते यासाठी. गोळी थांबवल्यावर आठवडाभरात सहसा पाळी येते. आलीच नाही तर इस्ट्रोजेन फार कमी असणं किंवा बाहेर यायच्या वाटेतला अडथळा, हे तपासावं लागतं.

याचं सर्वांत नेहमीचं कारण पीसीओएस. नावातली 'सिस्ट' ही गाठ नसते, निवड न झालेली, वाढ अर्ध्यावर थांबलेली फॉलिकलं असतात. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज क्वचित सुटणं, पुरुषी संप्रेरकांची वाढ, सोनोग्राफीतलं चित्र. फक्त सोनोग्राफीवरून, आणि तेही तुमच्यासारखी महिन्याला येणारी पाळी असताना, हा शिक्का लावून घेऊ नका. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के घटलं तरी अनेकदा बीज पुन्हा सुटू लागतं.

दिवस राहिले तरी हा हिशेब सुटत नाही. प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढतात, पुन्हा २८ दिवसांचं चक्र गृहीत धरून. ३४ दिवसांच्या चक्रात गर्भ सहा दिवसांनी लहान असतो. सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले नाहीत म्हणून लगेच गर्भ वाढत नाही असं समजू नये, एक-दीड आठवड्यानं पुन्हा पाहावं. मात्र एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर, खांद्यात कळ असेल तर थांबू नका. नलिकेत राहिलेला गर्भ जिवावर बेतू शकतो.

पाच महिन्यांत दिवस राहिले नाहीत यात अजून काळजीचं काही नाही. नियमित प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ८० ते ८५ जोडप्यांना एका वर्षात यश येतं. ३५ च्या आत असाल तर वर्षानं, ३५ च्या पुढे सहा महिन्यांनी तपासण्या सुरू करतात, आणि तेव्हा पतीची वीर्यतपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी, पत्नीच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर नव्हे. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासूनच.

पुढच्या चक्रात असं करा. नवव्या ते तेविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड प्रयत्न. दहाव्या दिवसापासून पट्टी. पट्टी पॉझिटिव्ह आली की दुसरा दिवस बीज सुटण्याचा धरा आणि त्यानंतर सातव्या दिवशी प्रोजेस्टेरॉनसाठी रक्त द्या. पट्टी पंधराव्या दिवशी आली तर रक्त तेविसाव्या दिवशी, एकोणिसाव्या दिवशी आली तर सत्ताविसाव्या. त्यानंतर पाळी आली, की तिची तारीख त्या रिपोर्टवर पेनानं लिहून ठेवा. ती तारीख नसेल तर तो आकडा कोणालाच नीट वाचता येणार नाही.